कुणासाठी राबलास?

जिव्याचं डोकं तापायला कारण लागत नसे. बैलानं शेपटी मारली तरी तो बैलाच्या सात पिढ्या उद्धरायचा. पण भाऊबीजेनंतरच्या त्या सोमवारी त्याला कारण मिळालं, आणि चांगलं दांडगं मिळालं.

बेटेगावच्या वरच्या माळावर तो गवत कापत होता. कमरेएवढं गवत, वाळून पिवळं पडलेलं. विळ्याची धार गेली की बसून दगडावर घासायची आणि परत वाकायचं, असं सकाळपासून चाललं होतं. कुसळं अंगभर घुसली होती, मान भाजत होती. तेवढ्यात काठी टेकत सुका आला. सुका म्हणजे पाड्याचा कारभारी. कुणाचं लग्न, कुणाची काडीमोड, कुणाच्या बांधाचं भांडण, सगळं त्याच्या तोंडून ठरायचं. म्हातारा बोलायला गोड. गोड माणसाला नाही म्हणवत नाही, तीच त्याची ताकद.

"जिव्या, लगीन लावायला धवलेरीला कवा सांगायचं?"

"कुणाचं लगीन हाय?"

"घ्या! घरात मांडव पडायची येळ आली आन भावाला पत्ता नाय. लाडकीचं रे, तुझ्या बहिणीचं!"

"कुणासंगं?"

"तुझ्या त्या मिक्सरवाल्यासंगं. नागोरावसंगं."

जिव्यानं विळा खाली टाकला. "कुणी ठरवलं?"

"ठरवायचं काय त्यात? दोन पावसाळे तुमच्या शेतात राबला. मजुरी घेतली? नाय घेतली. तुमच्या घरचा भात खाल्ला. आन परवा लाडकीला लुगडं दिलं, ते तिनं नेसलं. परमुलखाचा हाय, पर राबणाऱ्याला घर देतात, हीच आपली चाल. रविवारी खळ्यावर बसू." सुकानं त्याची पाठ थोपटली आणि काठी टेकत निघून गेला.

चाल जुनी होती, खोटी नव्हती. ज्याच्याकडे मुलीचं देज द्यायला नसेल त्यानं मुलीच्या घरी राबावं, दोन-चार वर्षं, आणि मग मुलगी त्याची. असे घरजावई पाड्यावर चार होते. त्यांनी तोंडानं मागणी घातली नव्हती. घाम गाळला, तीच मागणी.

जिव्या माळावर एकटाच उभा राहून ओरडला, "हरामखोर, बैलाच्या जातीचा!" ही शिवी सुकाला नव्हती. नागोरावला होती.

आता हा नागोराव कोण ते सांगायला हवं. परभणीकडचा गडी. तारापूरला अणुशक्तीचं काम निघालं तेव्हा मुलखामुलखाचे लोक आले, त्यात हा काँक्रीटच्या मिक्सरवर लागला. चाळिशीला टेकलेला, पोट सुटलेला, मिशा राखलेला, तोंड अखंड चालू. सापाला भ्यायचा. सुक्या मासळीचा वास आला की नाकाला टॉवेल लावायचा. आणि जिव्या अठ्ठावीसचा, काटकुळा, चार शब्द बोलला तर त्यातले दोन शिव्यांचे. जिव्याचं लग्न झालं होतं. बायको वर्षात उठून दुसऱ्याच्या घरी गेली. एवढ्या एका गोष्टीचा मात्र त्याला राग आला नाही, आणि पाड्याला त्याचाच अचंबा वाटला होता.

दोन उन्हाळ्यांपूर्वी जिव्या तारापूरला घमेली वाहायला गेला. पहिल्याच दिवशी नागोराव मिक्सरवरून ओरडला, "ए काळ्या, हात हलीव की!" जिव्यानं जाऊन भरलं घमेलं त्याच्या पायांवर ओतलं. मुकादम धावत आला, म्हणाला, हाकला ह्याला. तर नागोरावच मध्ये पडला. "मपली चूक हाये. तोंड मपलं चाललं, त्याचा हात चालला. राहू द्या त्याला."

दुपारी तो भाकरी घेऊन जिव्याजवळ येऊन बसला. सिमेंटनं जिव्याची बोटं खाल्ली होती, भेगांतून रक्त येत होतं. नागोरावनं डब्यातून करडईचं तेल काढलं आणि पाऊसपाणी, परभणीची ज्वारी, मुकादमाची बायको असं काय काय बडबडत एकेका भेगेत भरलं. जिव्या म्हणाला, "सोड." नागोरावनं हात सोडला नाही. जिव्यानंही ओढून घेतला नाही.

पुढं काय व्हायचं ते झालं. दोघांचं जमलं. नवराबायकोचं जमतं तसं जमलं, पण त्याला पाड्यावर नाव नव्हतं आणि नागोरावच्या सरावली गावातल्या चाळीच्या खोलीतही नव्हतं. पावसात काँक्रीटचं काम मंदावलं की नागोराव पाड्यावर यायचा. ज्वारीच्या मुलखातला माणूस, पहिल्या दिवशी चिखलात चप्पल घालून उतरला. चप्पल आत राहिली, माणूस बाहेर आला. जिव्याची आई मंगळी आणि बहीण लाडकी बांधावर बसून पोट धरधरून हसल्या. पण गडी हटला नाही. लावणी शिकला, तण काढायची बेणणी शिकला, घराचं कूड लिंपलं, नाकाला टॉवेल न लावता बोंबलाचं कालवण खायलाही शिकला. पाऊस कोसळायला लागला की जिव्या आणि तो एकाच इरल्याखाली अंग चोरून बसायचे. इरलं एकापुरतंच असतं. दोघांचे बाहेरचे खांदे भिजायचे, आतले कोरडे राहायचे. जिव्याला तेव्हा कुणाचाच राग येत नसे.

मग ही सहासष्ट सालची दिवाळी आली. परभणीकडे भाऊबीज म्हणजे मोठा सण, आणि नागोरावला सख्खी बहीण नाही. ज्या घरात जेवतो त्या घरची पोर बहीणच की, असा त्यानं साधा सरळ विचार केला, पालघरच्या दुकानातून हिरवं लुगडं आणलं आणि लाडकीपुढं ठेवलं. "घे बाई, ओवाळणी." पाड्यावर दिवाळीची वाघबारस असते, भाऊबीज कुणाच्या बापाला ठाऊक? बिनलग्नाचा गडी बिनलग्नाच्या पोरीला नवं लुगडं देतो, त्याचा अर्थ इथं एकच. जिव्या त्या दिवशी गवताची गाडी घेऊन बोईसरला गेला होता. नाहीतर तिथंच बोंबलला असता.

सोमवारी दुपारी गवत तसंच टाकून तो सरावलीला गेला. नागोराव पाळी संपवून आला होता. चाळीच्या नळावर, साबणाच्या फेसात, उघड्या पोटानं उभा होता. जिव्यानं त्याला दंडाला धरून खोलीत ओढलं.

"लुगडं कशाला दिलंस?"

"भाऊबीज व्हती."

"भाऊबीज! तुझ्या भाऊबीजेला लागली आग! पाडा म्हनतो तू नवरा हायस तिचा. रविवारी पंच बसतात."

नागोरावच्या तोंडाचा आ तसाच राहिला. मग तो हसायला लागला. जिव्याचं तोंड बघून थांबला.

"म्या सांगतो त्यांना. बहीण मानली म्हनून सांगतो. त्यात काय?"

"मंग इचारतील, दोन वरसं फुकट कशाला राबलास. काय सांगशील?"

नागोरावनं टॉवेल उचलला आणि परत खाली ठेवला. अंगावरचा फेस वाळत चालला होता.

जिव्या सगळ्या रस्त्यानं एकच गोष्ट घोकत आला होता, ती त्यानं आता बाहेर काढली. "लगीन लाव."

"काय?"

"लाव. घरात राहशील. मरेपरतूर राहशील. सरावली नाय, खोली नाय, कोन बघंल म्हनून भ्यायचं नाय. आपलं घर, आपलं खाचर. कोन काय इचारंल?"

"बहिनीशी लगीन लावू? मपल्या मायनं ऐकलं तर जीभ हासडील."

"तुझी बहीण कुठली! लुगड्यानं बहीण होते का?"

"तुमच्यात लुगड्यानं बायकू व्हती, मंग आमच्यात बहीण काहून न व्हावी?" आता नागोरावचाही आवाज चढला. "आन ती? ती लाडकी?"

"तिला तू आवडतोस."

"म्हनून तर इचारतो लेका. आन तिचं काय?"

उत्तर नसलं की जिव्याचा राग दुप्पट व्हायचा. "रविवारी ये. सुका इचारंल तवा मान हलीव. नायतर पुन्यांदा तोंड दाखवू नको," असं म्हणून तो निघाला, आणि जाता जाता नळाखालची बादली त्यानं लाथेनं उडवली.

घरी लाडकी उखळात भात कांडत होती, हिरवं लुगडं नेसून. कामाला कुणी नवं लुगडं नेसत नाही, पण ती नेसली होती. वीस वर्षांची पोर, तोंडाची फटकळ, भावासारखीच तापट. आज मात्र मुसळाच्या ठेक्यावर काहीतरी गुणगुणत होती.

"दादा, ते बोंबील खातात आता. बघितलंस?"

जिव्या तिथंच उभा राहिला. आत्ता सांगावं, हे त्याला कळत होतं. सांगितलं तर नागोराव गेला, हेही कळत होतं. "तुला पसंत हाय?" एवढंच त्यानं विचारलं.

"मानूस हसवतो," लाडकी म्हणाली आणि मुसळ जोरात आपटलं. "तुझ्यासारखा खवीस नाय."

जिव्या गप्प बसला. मंगळवारी गप्प बसला, बुधवारी गप्प बसला, शनिवारपर्यंत गप्प बसला. मंगळीनं पाहुण्यांसाठी तांदूळ निवडला तेव्हाही तो कुडाला टेकून बसून होता. आपण नीच आहोत हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तरी रविवारी नागोरावनं मान हलवावी असंच त्याला वाटत होतं.

रविवारी सकाळी खळ्यावर पाडा जमला. नागोराव पांढरा सदरा घालून आला होता. सुकानं त्याला घोंगडीवर बसवलं, ताडीचं भोपळं पुढं सरकवलं आणि गोड आवाजात विचारलं, "नागोराव, लाडकीसाठी राबलास. आता तिला संभाळशील ना?"

जिव्या त्याच्याकडे एकटक बघत होता. नागोरावनं एकदा त्याच्याकडे बघितलं. मग हात जोडले.

"पंचहो, लाडकी मपली बहीण हाये. म्या लुगडं दिलं ते भावानं बहिनीला द्यावं तसं दिलं. तुमच्या चालीची मला खबर न्हवती. मपल्याकून चुकी झाली."

खळ्यावर कालवा झाला. सुका हात वर करून म्हणाला, "बरं, बहीण. मंग दोन वरसं राबलास कुणासाठी?"

नागोराव खाली बघत बसला.

"बोल की! मजुरी नाय घेतलीस. पोरगी नको म्हनतोस. बाबा, मानूस उगंच राबत नाय. कुणासाठी राबलास?"

मागून एक जण म्हणाला, पोरीला नासवून पळायचा डाव आहे, शहरगावचे असेच असतात. दुसऱ्यानं येऊन त्याच्या सदऱ्याची कॉलर धरली आणि ओढलं. सदरा खांद्यावर टरकला. कुणीतरी पाठीत लाथ घातली. ताडी सांडली. चाळीस वर्षांचा जाडा माणूस दोन्ही हात जमिनीला टेकून ओणवा झाला, आणि तरी त्याच्या तोंडून नाव निघेना. एरवी ज्याचं तोंड बंद होत नाही, तो माणूस आपल्यासाठी तोंड बंद ठेवून मार खातोय, हे जिव्यानं बघितलं, आणि आठ दिवस दाबून धरलेला राग एकदम फुटला. तो गर्दीत घुसला, कॉलर धरणाऱ्याच्या कानाखाली वाजवली.

"माझ्यासाठी राबला!" तो ओरडला. "कान फुटलं का? माझ्यासाठी! मी त्याचा, तो माझा, दोन वरसं झाली! आता काय करायचं ते करा!"

दोघं-तिघं हसले, त्यांना वाटलं थट्टा. मग हसू विझलं. बायकांनी पोरांना घराकडे पिटाळलं. मंगळी जिथं बसली होती तिथंच पदर तोंडाला लावून बसून राहिली.

लाडकी पुढं आली. नागोरावकडे तिनं बघितलंही नाही. जिव्यासमोर उभी राहिली आणि त्याच्या तोंडात मारली. मग आणखी एक मारली.

"त्याला ठावं नव्हतं. तुला ठावं व्हतं. आठ दिस मी नेसून मिरवले, पानवठ्यावर पोरींना दाखवलं, आन तू बघत बसलास! मला मधी बांधून तुमी दोघं घर करणार व्हतात?"

"लाडके..."

"मना हाक मारू नको. जा. त्याच्या घरी जा. तो राबला इथं, आता तू राब तिकडं!"

सुकानं निकाल दिला. हा माणूस शिवेच्या आत नको, आणि जोवर मंगळी मुलाला घरात ठेवील तोवर तिच्या शेतावर पाड्यातलं कुणी हाताला हात देणार नाही. पुढचं ऐकायला जिव्या थांबला नाही. त्यानं नागोरावला उठवलं, त्याच्या गुडघ्याची माती झाडली आणि सगळ्यांच्या देखत त्याचा हात धरून चालू लागला. मागून कुणीतरी ढेकूळ मारलं. ते जिव्याला लागलं. तो वळला असता तर खून पडला असता, पण नागोरावनं हात घट्ट धरला होता.

सरावलीच्या खोलीत तेरा दिवस गेले. जिव्या परत घमेली वाहू लागला. संध्याकाळी नागोराव चुलीपुढं बसून भाकरी थापायचा आणि एकटाच बोलायचा. जिव्या भिंतीकडे तोंड करून पडायचा. "घरचा भात आता पिकला असंल," एवढंच कधी म्हणायचा. हळवं भात दिवाळीआधी निघालं होतं. गरवं उभं होतं, खालच्या खाचरातलं, चांगलं जोमदार. चार दिवस उशीर झाला की दाणा झडतो. आई आणि लाडकी, दोन बायका, किती कापणार?

"जाऊन बगू का?" नागोराव म्हणायचा.

"तू गेलास तर तंगडी मोडतील."

"तू जा मंग."

"ती म्हनली, जा. मी गेलो. आता काय तोंड घेऊन परत जाऊ?" जिव्या उठून बसायचा. "माझीच चूक हाय. म्या तिला इकली असती रे. तुझ्यापायी माझ्या बहिणीला इकली असती." आणि मग तो रडायचा, आणि नागोराव पिठाच्या हातानंच त्याचं डोकं पोटाशी धरायचा.

चौदाव्या दिवशी रविवार होता. भर दुपारी नळावर बायकांची गर्दी, आणि त्या गर्दीतून लाडकी आली. जुनं फाटकं लुगडं, पायावर गुडघ्यापर्यंत धूळ, कमरेला विळा. दारात उभी राहिली. आत आली नाही.

"भात झडाया लागलं. चला."

जिव्या उठला. "पाड्यातलं कुनी आलं नाय? मी तं घर सोडलं."

"तरी नाय आलं. आलं असतं तं मी इथवर मरायला आले असते का? आयेचा हात सुजलाय." मग तिनं नागोरावकडे बोट केलं. "ह्याला पण घे. दोघं चला. एकानं नाय व्हायचं."

"बाई, म्या..." नागोरावनं हात जोडले.

"बाई-बिई काय नाय. माझा राग गेला नाय. तो जाईल का नाय, ते पण मना ठावं नाय. पर भाताला ते कळत नाय, भात पिकलंय."

ती पुढं चालली, ते दोघं मागं.

खालच्या खाचरात मंगळी डाव्या हातानं कापत होती. उजव्याला फडकं बांधलं होतं. तिनं मुलाकडे बघितलं, त्या माणसाकडे बघितलं, आणि परत वाकली. जिव्यानं विळा घेतला. नागोराव त्याच्या पलीकडे बसला. अंबाडा सुटला तरी लाडकीनं तो बांधला नाही, कापत राहिली. ओंबी हलली की दाणे टपटप खाली पडत होते, आणि प्रत्येक दाण्याबरोबर जिव्या दात खात होता.

अर्धं खाचर झालं असेल, तेव्हा सुका बांधावर आला. मागं सात-आठ माणसं.

"मंगळे," त्यानं गोड आवाजात हाक मारली, "पंचांनी काय ठरवलं व्हतं? हा मानूस शिवंच्या आत नको."

जिव्या विळा घेऊन उठला. "खाली बस," मंगळी म्हणाली. असं म्हणाली की तो बसला. ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"सुका, राबणाऱ्याला घर देतात, हीच आपली चाल, असं तूच माळावर जिव्याला बोललास. घरी येऊन मना पण बोललास. बोललास ना?"

"ती चाल येगळी..."

"येगळी कशी? हा राबला. पोरीसाठी राबला असता तं मी पोरगी दिली असती. पोरासाठी राबला." तिनं हातावरच्या फडक्याची गाठ आवळली. "मना गोड लागत नाय हे. ह्याचं तोंड बघितलं की पोटात आग पडते माझ्या. पोरीचं तोंड बघितलं की जास्त पडते. पर दोन लावण्या ह्याच्या हातच्या मी खाल्ल्यात. तू पण खाल्ल्यास, माझ्या वटीवर बसून. हाकलायचा तं हाकल. पर आदी माझ्या मातीतनं ह्याचा दोन वरसांचा घाम वेचून काढ आन दे त्याच्या हातात. मंग मी सोता त्याला शिवंपरतूर घालवून येते."

गोड बोलणारा सुका काठीनं बांधाची माती उकरत राहिला. मागचे लोक एकमेकांकडे बघू लागले.

लाडकीनं खालूनच मान वर केली. "बघता काय? कापायचं असंल तं उतरा. नायतर ऊन सोडा, आमाला सावली नको तुमची."

कुणी उतरलं नाही. पण हाकलायलाही कुणी पुढं आलं नाही. एकेक करत माणसं पाड्याकडे वळली आणि शेवटी सुकाही गेला.

जिव्याच्या डोळ्यांना धार लागली होती, आणि धार लागली म्हणून त्याला राग आला होता. नागोराव हात जोडून मंगळीपुढं काही बोलायला उठला. तिनं त्याच्याकडे पाठ केली.

"बोलू नको माझ्याशी," ती म्हणाली. "दिस कलायच्या आत हे खाचर झालं पायजे. भाकरी घरी हाय, चौघांची."